छापून झालं की मॅटर सोडायचं

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला अंबरनाथ पूर्वेला आमच्या दोन खोल्यांच्या घरात चार कॉम्प्युटर होते आणि खुर्ची एक. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे चार आहेत हो, चालत एकही नाही." ही निव्वळ बदनामी होती. दोन चालायचे. तिसरा त्याच्या मनात आलं तर चालायचा. चौथा मात्र मेलेला होता आणि त्याच्यावर लोणच्याची बरणी होती, हे मान्य.

लोक ही गोष्ट ऐकून हसतात. त्यांना वाटतं, पोरीला हौस होती. हौस कसली? दोन खोल्यांत जिथे अंथरूण घालायला जागा नाही तिथे कोण हौसेने लोखंडाची खोकी आणून ठेवतं? माझ्या पप्पांची नोकरी जाणार होती. तेवढ्यासाठी ती खोकी आणली होती, आणि ज्यांच्यामुळे आणावी लागली त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

पप्पा उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवायचे. शिशाचा एकेक खिळा, त्याच्या डोक्यावर एकेक उलटं अक्षर, आणि लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचं वेगळं घर. काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धा 'त' वेगळा. पप्पा मान वर न करता हात घालायचे आणि हवं तेच अक्षर बाहेर यायचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल, वह्यांची लेबलं, कॅम्प चारमधल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या बोटांतून गेली होती. छापखान्यात त्यांना सगळे मास्टर म्हणायचे.

मग शेठच्या भाच्याने कॉम्प्युटर आणला. नवा, रंगीत पडद्याचा, एसीसकट. पुठ्ठ्याचं पार्टिशन टाकून त्याला वेगळी खोली केली, आणि त्या खोलीत चप्पल काढून जायचं. तीस वर्षं जे यंत्र सगळ्यांना पोसत होतं त्याच्यापुढे कुणी कधी चप्पल काढली नव्हती.

शेठ म्हणाला, "मास्टर, दिवाळीनंतर ह्या केसा भंगारात जाणार. शिसं वजनावर जातं. तुम भी कॉम्प्युटर सिखो. नाहीतर..."

नाहीतरच्या पुढे तो काही बोलला नाही. शेठ भला माणूस आहे असं सगळे सांगायचे. भल्या माणसांची वाक्यं अशीच अर्धी असतात, उरलेलं अर्धं आपण घरी येऊन पुरं करायचं.

पप्पा एकदा क्लासची चौकशी करायला गेले. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला आणि गोड आवाजात विचारलं, "काका, मुलाची ॲडमिशन आहे की मुलीची?" पप्पा म्हणाले, "मुलीची." आणि घरी आले. दुसऱ्यांदा गेले नाहीत.

मी तेव्हा बी.ए. करून घरी होते, म्हणजे खरं तर घरी नव्हते. आमच्या वस्तीच्या पाणी समितीत होते. विहाराच्या मागच्या खोलीत बैठका व्हायच्या. मला लिहायला कुणी शिकवलं असेल तर पत्रकांनी: वर ठसठशीत मथळा, खाली सवाल, त्याखाली मागण्या, शेवटी सभेची जागा. जांभूळ गावाच्या बाजूने येणारा पाण्याचा भला मोठा नळ वस्तीच्या कडेने जातो आणि आमच्या नळाला मात्र करंगळीएवढी धार, तीही बायका कामावर निघायच्या वेळेला! हे मी इतक्या वेळा लिहिलं होतं की झोपेतही लिहिलं असतं. ती सगळी पत्रकं पप्पांनीच जुळवलेली. फुकट. शेठची परवानगी घेऊन, जेवणाच्या सुट्टीत.

तेव्हा पप्पांना कॉम्प्युटर शिकवायचा तर क्लासवाल्यांची गरज काय, असं मी समितीच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. समितीत बदलापूर गावातला एक मुलगा यायचा. घरची भातशेती, स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होता आणि कानामागे नेहमी टेस्टर खोचलेला असायचा. तो म्हणाला, "मशीन मिलतील गं मॅडम. भंगारात." मला मॅडम म्हणणं हा त्याचा टोमणा होता.

अंबरनाथमधली एक कंपनी नुकतीच बंद पडली होती. तिच्या गेटवर आम्ही पत्रकं वाटली होती. कंपनी गेली, माणसं गेली, आणि ऑफिसातलं सामान टेम्पोत भरून कॅम्प चारच्या एका भंगारवाल्याकडे पोचलं. पंखे, टेबलं, फायलींची कपाटं, आणि एका कोपऱ्यात एकावर एक रचलेले कॉम्प्युटर, पिवळे पडलेले, चहाचे डाग असलेले.

"चालू है क्या?" आमच्या डिप्लोमावाल्याने विचारलं.

"साईं, चालू होता तो मेरे पास आता?" भंगारवाला म्हणाला. "उठाओ. तांबा मैं निकाल लूंगा, नहीं उठाया तो."

म्हणजे बघा. ज्या मशीनवर कुणाच्या तरी पगाराचा हिशेब झाला, ज्याच्यापुढे बसून कुणी तरी डोळे बिघडवून घेतले, त्याची किंमत काय, तर आतलं तांबं. माणसालाही हाच हिशेब लावतात. मी हे तिथेच बोलून दाखवलं. भंगारवाला म्हणाला, "हां हां, बहनजी, उठाओ ना."

घरी आणून उघडले तेव्हा आतून झुरळं निघाली. आईने दारातच रॉकेलचा बोळा फिरवला. डिप्लोमावाल्याने चारही मशीनचे अवयव काढले आणि इकडचं तिकडे बसवलं. दिवसभर खटपट करून निष्कर्ष असा, की माहिती साठवायची डिस्क फक्त एकाचीच धड आहे. बाकीच्यांना डिस्कच नाही, किंवा आहे आणि ती कण्हते.

"मग एकच ठेवू," आई म्हणाली. "बाकीची परत दे त्याला."

"नाय मावशी," तो म्हणाला. "तार टाकायची. डिस्क एकाची, वापरायचे सगल्यांनी. नेटवर्क बोलतात त्याला. मोठ्या ऑफिसात असंच असतं."

मोठ्या ऑफिसात असतं म्हटल्यावर मला चेव आला. मोठ्या ऑफिसात असतं ते आमच्या चाळीत का नको? मी लगेच मनातल्या मनात मथळा लिहिला. प्रत्येक जुन्या मशीनला काम! पहिलं, डिस्कवालं, बाहेरच्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर. दुसरं स्वयंपाकघरात, पप्पांच्या सरावासाठी. तिसरं भिंतीपलीकडे काकूंच्या खोलीत, कारण आमच्याकडे जागाच संपली होती, आणि त्याला कंपनीतूनच आलेला ठोकळ्यासारखा प्रिंटर जोडायचा. काकू म्हणजे पप्पांच्या धाकट्या भावाची बायको. भिंतीला भोक पाडलं. त्यातून तार गेली.

पहिली तार डिप्लोमावाल्याने केबल टीव्हीवाल्याकडून मागून आणली. दिसायला अगदी तशीच, काळी, गोल, जाडीला तेवढीच. कॅम्प चारमध्ये गच्चीगच्चीवर लोंबकळत होती, फुकट मिळाली. दोन रविवार आम्ही त्या तारेशी झगडलो. एक मशीन दुसऱ्याला कधी ओळखायचं, कधी ओळखायचं नाही. शेवटी त्याच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, की अरे, टीव्हीची तार वेगळी आणि ही वेगळी. मग खरी तार मागून आणली. तिच्या दोन्ही टोकांना बुचं बसवायची. एक बूच निघालं, की तीनही मशीनं आंधळी. आणि एक टोक होतं काकूंच्या ओट्याशेजारी.

"काकू, ते बूच काढलंत?"

"मिक्सर लावायचा होता."

"मिक्सरचा आणि त्याचा काय संबंध?"

"मध्ये येत होतं. तुझ्या पाण्यापायी मी चटणी वाटू नको का गं? आणि ते यंत्र छापायला लागलं की दातावर दात घासल्यासारखा आवाज. माझी मालिका चालू असते तेव्हा छापत नको जाऊस."

आई ओले कपडे तारेवर टाकायची. शुक्रवारी लाइट नसायची. आणि पप्पा! बाहेर पडताना मेन स्विच खाली करायची त्यांची सवय. घरात माणूस नाही तर करंट कशाला? मी सांगायचे, पहिलं मशीन चालू राहिलंच पाहिजे, त्याच्यावर सगळे अवलंबून आहेत. ते म्हणायचे, "असं एकावर सगळ्यांनी अवलंबून राहायचं असतं का? आणि तू भाषणं देतेस."

मेलेल्या चौथ्याचा पंखा काढून आई त्याच्यासमोर कुरडया वाळवायला लागली. अख्ख्या प्रयोगात तेवढीच एक गोष्ट पहिल्या दिवसापासून विनातक्रार चालली.

पण पप्पा शिकत होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की ते शिकलेच नाहीत. कामावरून सायकलने यायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे. बटणांवर आम्ही मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पडदा काळा, अक्षरं हिरवी.

"ही केस कोणी लावली?" पप्पा पहिल्या दिवशी म्हणाले. "'च' इथे? 'च' इथे कोण ठेवतं? आणि 'ळ' सापडत नाही. येड्याने लावलीय."

"पप्पा, ही केस नाही. कीबोर्ड आहे."

"तेच ते."

हळूहळू 'ळ' सापडला. दोन बोटांनी, पण चुकत नसत. एक ओळ झाली की मागे जाऊन वाचायचे, ओठ हलवत. समितीची पत्रकं मी त्यांच्याकडूनच टाइप करून घ्यायला लागले. सरावही होईल, कामही होईल. काकूंची मालिका संपली की प्रिंटर कर्कश आवाज करत पत्रक बाहेर टाकायचा. त्यावरून आम्ही झेरॉक्स काढायचो. मला वाटलं, जमलं. तीन मोडकी मशीनं, एक तार, आणि आम्ही कुणाच्या दारात उभं न राहता छापतोय!

तेवढ्यात डिस्क भरत आली. होतीच केवढीशी. पडद्यावर इंग्रजीत सूचना यायची, जागा नाही म्हणून. डिप्लोमावाल्याने मला न विचारता पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहून पाटी टांगली: 'जागा संपत आली आहे! काम झाल्यावर आपापलं साफ करा!' उद्गारचिन्हं माझ्याकडून शिकला होता.

आणि मग पानं कोरी व्हायला लागली.

पहिल्यांदा लक्षात आलं ते मोर्च्याचं पत्रक. तारीख बदलून तेच पुन्हा काढायचं होतं. नाव तिथेच, यादीत, जिथल्या तिथे. उघडलं तर आत काही नाही. हिरवी रेघ लुकलुकतेय, बस. मग नळांच्या वेळांचा तक्ता गेला. मग पाण्याच्या साहेबांना लिहिलेलं निवेदन गेलं. मग दर रविवारी दारोदार फिरून टिपलेल्या आणि मी स्वतः बसून टाइप केलेल्या घरोघरच्या तक्रारी! त्यांचा आदल्याच आठवड्यात प्रिंट काढला होता, आणि तो प्रिंट साहेबांच्या टेबलावर ठेवून आले होते. माझ्याकडे काही नाही. नावं सगळी जागेवर, आत पांढरं. पांढरंही नाही, काळं.

माझं डोकं फिरलं. डिप्लोमावाला म्हणाला, व्हायरस. मी म्हणाले, तुझी तार. तो म्हणाला, तुमची लाइट. विहारात बैठक झाली तर समितीतले एक ज्येष्ठ आवाज खाली आणून म्हणाले, "आतला माणूस फुटलाय का, ते बघा." मी भिंतीपलीकडे गेले आणि काकूंना तोंडावर विचारलं.

"मी?" काकू पोळी लाटायची थांबल्या. "अगं, मला ते चालू कुठून करतात ते माहीत नाही! बूच काढता येतं तेवढं काढते. तेसुद्धा तुझ्याच ओरडण्यावरून समजलं, की ते बूच आहे."

त्यानंतर आठवडाभर त्यांनी आमच्याकडे भाजीची वाटी पाठवली नाही. आमच्या चाळीत याहून मोठा निषेध नसतो.

दिवाळी जवळ आली. शेठने पप्पांना एक काम घरी दिलं. एका सोसायटीचा चार पानी वार्षिक अहवाल. "तुमच्या घरी मशीन आहे ना, मास्टर? करून आणा. फ्लॉपीमध्ये. भांजा बघेल. जमलं तर ठीक." पुन्हा अर्धं वाक्य.

पप्पांनी त्या चार पानांसाठी जीव टाकला. आईने कपडे दुसरीकडे वाळत घातले. काकूंनी, माझ्याशी अबोला असूनही, बुचाला हात लावला नाही आणि मिक्सरऐवजी पाट्यावर वाटलं. मेन स्विच वर राहिला. पप्पांनी एक प्रूफ काढलं, पेन्सिलने खुणा केल्या, दुरुस्त केलं, दुसरं प्रूफ काढलं. त्यात चूक सापडली नाही. मी तपासलं, मलाही सापडली नाही. सकाळी डिप्लोमावाला आला, बाहेरच्या मशीनवरून 'अहवाल' नावाची फाइल फ्लॉपीवर घेतली, कव्हरात घातली, पप्पांच्या खिशात दिली. मी म्हणाले, मी पण येते. शेठचं तोंड बघायचं होतं मला. शिवाय पगारवाढीचा मुद्दा मी वाटेत तयार केला होता.

छापखान्यात आम्ही चपला काढून एसीत गेलो. भाच्याने फ्लॉपी घातली. माझ्याहून लहान असेल, केसाला जेल लावलेलं.

"अंकल, ये तो खाली है."

"नीट बघ," मी म्हणाले.

"नाम है. अंदर कुछ नहीं." त्याने पडदा आमच्याकडे वळवला. रंगीत पडदा. त्यावर स्वच्छ पांढरं पान.

माझ्या तोंडून काय काय गेलं ते सगळं आठवत नाही. तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे, तुम्हाला मास्टरांना काढायचंच आहे, म्हणून हे नाटक, असं बरंच. शेठ बाहेरून आत आला. पप्पा मात्र पडद्याकडे वाकले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "खालीच असणार. मॅटर सोडलं मी."

कुणाला काही कळेना. भाचा म्हणाला, "क्या छोड़ा?"

शेठला कळलं. चाळीस वर्षं शाईत घालवलेला माणूस तो. आधी त्याचं तोंड उघडं राहिलं, मग तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, खुर्चीला धरून उभा राहिला. "मास्टर! अरे मास्टर! छापलं आणि सोडलं?"

"मग?" पप्पा म्हणाले. "छापून झालं की सोडायचं नाही?"

खिळ्यांच्या छापखान्यात काम छापून झालं की जुळवलेला मजकूर मोडतात आणि एकेक खिळा परत ज्याच्या त्याच्या घरात टाकतात. त्याला मॅटर सोडणं म्हणतात. न सोडलं तर दुसऱ्याला 'क' पुरत नाही, काना पुरत नाही, काम अडतं. जो जुळारी मॅटर तसंच ठेवून घरी जातो त्याला बाकीचे शिव्या घालतात. पप्पांनी तीस वर्षांत असं एकदाही केलं नव्हतं. आणि इथे तीन मशीनं, डिस्क एकाची, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं असं आम्हीच सांगितलेलं. वर जागा संपत आलीय अशी पाटी. ते प्रिंट हातात आला की बसायचे आणि शेवटाकडून एकेक अक्षर काढायचे, पहिल्या अक्षरापर्यंत. मग नीट सेव्ह करायचे. ते आम्हीच शिकवलं होतं, सेव्ह केल्याशिवाय उठायचं नाही म्हणून.

"माझी पत्रकं पण?" मी विचारलं.

"छापून झाली होती ना?"

"घरोघरच्या तक्रारी? पप्पा, किती रविवार गेले माझे!"

"त्यात 'पाणी' किती वेळा होतं माहितीय? एवढे 'ण' अडकवून ठेवायचे?"

"अहो, पप्पा, ते खिळे नाहीत!"

"मग काय आहे?"

रस्त्यावर उभी राहून दोन तास बोलणारी मी भाच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, "डेटा है, अंकल."

"म्हणजे काय?"

"मतलब... डेटा."

पप्पांनी मान हलवली, जशी एखाद्या पोराने धडा न वाचता उत्तर दिल्यावर हलवतात. मला त्या क्षणी सगळ्यांचा सारखाच राग आला. पप्पांचा, भाच्याचा, त्या पाटीचा, बदलापूरच्या त्या शहाण्याचा. तीस वर्षांची शिस्त, आणि त्याच शिस्तीने माणूस नोकरीतून जायचा! पप्पा आळशी असते, कामचुकार असते, मॅटर तसंच टाकून उठणारे असते, तर त्या दिवशी फ्लॉपी भरलेली निघाली असती.

शेठने डोळे पुसले. "बैठो, मास्टर. प्रूफ है ना? आत्ता करा. इथे."

पप्पा त्या नव्या मशीनसमोर बसले. तिथली बटणं वेगळी लावलेली. त्यांच्या बोटांनी मोठ्या मुश्किलीने शोधलेला 'ळ' तिथे नव्हता. माउस हातात धरला तर बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन अडकायचा. भाचा उभा राहून हातात मोबाइल असल्याच्या ऐटीत पेजर बघत होता. पप्पा एकेक अक्षर शोधत होते आणि एसीत त्यांना घाम आला होता. जेवणाची सुट्टी झाली, ते उठले नाहीत. मी बाहेर खिळ्यांच्या रिकाम्या स्टँडजवळ उभी होते. अर्ध्या केसा आधीच पोत्यांत ओतल्या होत्या. 'क' आणि 'ण' आणि काने, सगळं एकत्र.

चहाच्या वेळेला दोन पानं झाली. शेठने वाचली. चूक नव्हती.

"काम अच्छा है," तो म्हणाला. "पण स्पीड नाही ना, मास्टर. हा पोरगा चारही पानं एका तासात करतो."

"चुकांसकट," पप्पा म्हणाले.

"चुकांसकट," शेठने मान्य केलं. भाचा बघत होता, तरी मान्य केलं. मग म्हणाला, "असं करा. प्रूफ बघायला या. रोज. दुपारपर्यंत."

"आणि पगार?" मी विचारलं.

"अर्धा दिवस, तो आधा."

मी सुरू झाले. तीस वर्षं! ज्यांच्या हातावर हा छापखाना उभा राहिला त्यांना अर्धा माणूस ठरवणारे तुम्ही कोण? भाच्याच्या चुका दुरुस्त करायला मास्टर लागतात, पण...

"बेटी," शेठ म्हणाला, "भाषण बाहर. इथे मशीन आहे."

"गप बस," पप्पाही म्हणाले. शेठला नाही, मला. मग चष्मा काढून पुसला आणि शेठला विचारलं, "उद्यापासून की सोमवारपासून?"

घरी येताना ते सायकल हातात धरून चालत होते, मी शेजारून. आईने दारातच आमची तोंडं पाहिली आणि ताट वाढलं. अर्ध्या पगाराचं कळल्यावर म्हणाली, "आहे ना पण? अख्खं नाही गेलं." ह्यालाच मी जन्मभर विरोध करत आलेय. कुणी अख्खी भाकरी हिसकावून अर्धी परत टाकली, की आपण त्याचे आभार मानतो.

मी स्वयंपाकघरातल्या मशीनवर बसले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: तीस वर्षांचा हिशेब द्या! त्यात शेठ होता, भाचा होता, चपला काढायची खोली होती, पोत्यांत ओतलेलं शिसं होतं. नाव कुणाचंच नव्हतं, पण कॅम्प चारमध्ये कुणालाही कळलं असतं. मी आजवर लिहिलेल्यांत ते सगळ्यात चांगलं होतं, हे आजही म्हणते. डिप्लोमावाल्याने वाचलं आणि पहिल्यांदाच मला मॅडम म्हटलं नाही. "छाप गं," म्हणाला. "मी वाटतो. सगल्या छापखान्यांच्या दारात."

पप्पा कामावरून दुपारी यायला लागले होते. त्यांना दुपारी घरात काय करायचं कळायचं नाही. आईच्या मध्ये मध्ये यायचे. त्या दिवशी स्टुलावर बसून त्यांनी माझं पत्रक वाचलं. ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तीन चुका काढल्या. 'हिशेब' की 'हिशोब' ते एकदा ठरव म्हणाले.

"आणि मजकूर?" मी विचारलं.

"मजकूर बरोबर आहे."

"मग छापू?"

आई कुरडयांच्या पंख्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "छाप आणि उरलेला अर्धाही घालव."

पप्पांनी हात वर केला, तिला थांबवायला. "तिला विचारू दे. तिचं मॅटर आहे." मग मला म्हणाले, "छापायचं तर छाप. मी सकाळी कामावर जाणार आहे. तिथे शेठने हे हातात दिलं, तर प्रूफ बघितल्यासारखं बघेन. चूक नाही म्हणून सांगेन."

मी काकूंच्या खोलीत गेले. काकू माझ्याशी अजून बोलत नव्हत्या. त्यांनी मालिकेचा आवाज कमी केला, प्रिंटरवरचं फडकं काढलं आणि बाजूला सरकल्या. मी कागद लावला. बराच वेळ उभी राहिले. शेवटी फडकं परत घातलं.

आठवड्याने पप्पांनी विचारलं, "ते छापलंस का?"

"नाही."

"छापणार आहेस?"

"माहीत नाही. विचारू नका."

"विचारत नाही. राहू दे तिथेच," पप्पा म्हणाले आणि दुसरंच काही तरी टाइप करायला बसले. "छापल्याशिवाय मॅटर सोडत नाहीत."

त्यानंतर जवळजवळ वर्षभर डिस्क वारंवार भरत राहिली. डिप्लोमावाला येऊन जागा करायचा, ह्याचं काढ, त्याचं काढ. ते पत्रक मात्र त्याने काढायचं म्हटलं, की पप्पा स्टुलावरून म्हणायचे, "ते राहू दे, ते व्हायचंय अजून." आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर जायचे.